कानातल्यात चमकतंय काय?

घड्याळाच्या चाकांची अंगठी, डायलचं पेंडंट, काट्यांची कानातली. हा प्रकार आपल्याकडे आता चांगलाच रुळलाय. कॉलेज फेस्टच्या स्टॉलवर, इन्स्टावरच्या छोट्या पेजेसवर ‘स्टीमपंक’ किंवा ‘व्हिंटेज’ अशा नावाखाली ही ज्वेलरी दिसते आणि खपतेही. का खपते हे कळायला फार डोकं लागत नाही. कच्चा माल जवळपास फुकट. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात सेम टु सेम पीस दिसायची शक्यता नाही. वर ‘कचऱ्यातून कला’ म्हणून कौतुक. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार असो की मुंबईचा चोर बाजार, बंद पडलेली घड्याळं ढिगानं मिळतात. घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांकडे तर डबाच्या डबा भरलेला असतो. नीट विचारलं तर ते तसाच देऊनही टाकतात.

फास्ट फॅशनच्या जमान्यात कुणी जुन्या वस्तूला पुन्हा अंगावर मिरवत असेल तर त्यात वाईट काहीच नाही. उलट चांगलंच आहे. प्रश्न त्या डब्यातल्या एकाच गोष्टीचा आहे. काही जुन्या घड्याळांचे काटे आणि आकडे अंधारात चमकतात, किंवा कधीकाळी चमकायचे. त्यांच्यावर पिवळट, हिरवट, कधी भाजल्यासारखा तपकिरी लेप दिसतो. रेझिन आर्ट करणाऱ्या कुणाच्याही डोक्यात पुढची आयडिया येणारच, की हा लेप खरवडून रेझिनमध्ये टाकला तर अंधारात चमकणारं पेंडंट होईल. काटे तसेच वापरले तर चमकणारी कानातली होतील.

तो लेप काय आहे, यावर सगळं अवलंबून आहे. आणि इथे आपली भाषाच आपल्याला गंडवते.

मराठीत ‘रेडियम’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गाडीच्या मागे लावलेला चकाकणारा स्टिकर. नंबर प्लेट करून देणारं ‘रेडियम आर्ट’चं दुकान. सायकलच्या चाकात अडकवलेल्या पट्ट्या. लहानपणी छताला चिकटवलेले ‘रेडियमचे तारे’. यातल्या कशातही रेडियम नसतं. स्टिकर फक्त समोरून आलेला प्रकाश परत फेकतो. छतावरचे तारे दिवसा प्रकाश साठवतात आणि रात्री सोडतात. मग हे नाव आलं कुठून? तर खऱ्या रेडियमवरून. एकेकाळी अंधारात दिसणाऱ्या घड्याळांच्या काट्यांवर खरंच रेडियम असायचं. लोकांनी चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तेच नाव दिलं. मूळची वस्तू गेली, नाव राहिलं, आणि त्या नावातली भीतीही गेली. आज कुणी तुम्हाला म्हटलं, ‘अगं, त्या काट्यावर रेडियम आहे,’ तर तुम्ही म्हणाल, ‘हो ना, भारी दिसतं!’

खरं रेडियम मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये शोधलं. ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळलं की झिंक सल्फाइड सतत चमकत राहतं. बॅटरी नको, ऊन नको. रेडियममधून सतत बाहेर पडणारे कण झिंक सल्फाइडवर आदळतात आणि त्यातून प्रकाश निघतो. पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेल्या सैनिकांना अंधारात वेळ बघायची होती, त्यामुळे अशा घड्याळांना तुफान मागणी आली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात एका कारखान्यात हा रंग ‘अनडार्क’ नावानं बनायचा आणि डायलवर चढायचा. चढवणाऱ्या होत्या मुली. बऱ्याचशा तुमच्याच वयाच्या. ग्रेस फ्रायर १९१७ मध्ये तिथे कामाला लागली तेव्हा १८ वर्षांची होती.

आकडे बारीक, त्यामुळे ब्रशला टोक हवं. टोक काढायची सोपी पद्धत त्यांना शिकवली गेली. ब्रश ओठांत धरायचा, रंगात बुडवायचा, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. दिवसभरात शेकडो वेळा. पगार चांगला होता, काम स्वच्छ वाटायचं. रंग बिनधोक असल्याचं त्यांना सांगितलं होतं. काही जणी गंमत म्हणून नखांना आणि दातांनाही तो लावायच्या. म्हणजे अंधारात चमकणाऱ्या मेकअपची हौस शंभर वर्षांपूर्वीही होतीच. त्याच कारखान्यातले केमिस्ट मात्र रेडियम हाताळताना शिशाचे पडदे आणि चिमटे वापरत होते.

आवर्त सारणी आठवा. रेडियम दुसऱ्या गटात, कॅल्शियमच्याच उभ्या रांगेत खाली. शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं, म्हणून पोटात गेलेल्या रेडियमचा काही भाग थेट हाडांत जाऊन बसतो आणि तिथून आतल्या आत मारा करत राहतो. मुलींचे दात पडायला लागले, जबड्याची हाडं कुजायला लागली. मॉली मॅगिया ही त्यातली पहिल्यांदा गेलेली मुलगी, १९२२ मध्ये. मृत्यूचं कारण सिफिलिस नोंदवलं गेलं. पाच वर्षांनी तिचा मृतदेह उकरून तपासला तेव्हा हाडांमध्ये किरणोत्सर्ग सापडला. ग्रेसला तिची केस घ्यायला तयार होणारा वकील मिळेपर्यंत दोन वर्षं गेली. १९२७ मध्ये ती आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या. १९२८ मध्ये तडजोड झाली, प्रत्येकीला १० हजार डॉलर आणि वर्षाला ६०० डॉलर पेन्शन. कामगारांच्या आरोग्याविषयीच्या अमेरिकेतल्या चर्चेत ‘रेडियम गर्ल्स’चं नाव आजही घेतलं जातं ते याचमुळे.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणाल तर त्यात एक अडचण आहे. रेडियम-२२६ चा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षं आहे. शंभर वर्षांत त्यातलं जेमतेम चार टक्के कमी होतं. ग्रेसनं रंगवलेलं एखादं डायल आज कुणाच्या डब्यात असेल, तर त्यावरचं रेडियम जवळपास होतं तेवढंच आहे. डायल चमकत मात्र नसेल. कारण सततच्या माऱ्यानं झिंक सल्फाइड खराब होतं, काही दशकांत थकून जातं. चमकणारी गोष्ट संपते, चमकवणारी तशीच राहते. ‘आता चमकत नाही, म्हणजे गेलं असेल’ हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो, पण तो नेमका उलटा आहे.

घड्याळांमध्ये रेडियमचा वापर साठच्या दशकापासून हळूहळू बंद झाला. त्याच्या जागी ट्रिटियम आणि काही ठिकाणी प्रोमेथियम आलं. तेही किरणोत्सर्गीच, पण बरेच सौम्य. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल १२.३ वर्षं, त्याचे कण कातडीच्या आतही जात नाहीत. स्विस घड्याळाच्या डायलवर सहाच्या आकड्याखाली ‘टी स्विस टी’ असं बारीक लिहिलेलं असलं तर ते ट्रिटियम. १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीनं स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटवर आधारलेला ‘ल्युमिनोव्हा’ आणला आणि प्रश्नच मिटला. त्यात किरणोत्सर्ग नाही. प्रकाश दाखवला की तासन्‌तास चमकतो. आजच्या घड्याळांवर सहसा याच कुळातला लेप असतो.

मग डायलवरची खूण वाचली की झालं? परदेशात कदाचित चालेल. आपल्याकडे एक वेगळीच भानगड आहे. जुन्या घड्याळांच्या जगभरच्या संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ अशी एक शिवी प्रचलित आहे. फेवर लुबा, वेस्ट एंड अशा नावांची जुनी घड्याळं घ्यायची, मशीन एकाचं, केस दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे जोडायचे, डायल नव्यानं रंगवायचं आणि विकायचं. आपल्या कारागिरांचा जुगाड म्हणून याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पण आपल्या मुद्द्यासाठी याचा अर्थ असा की डायलवर जे छापलंय ते मूळचं असेलच असं नाही. काटे कुठल्या दशकातले, हे तर कुणीच सांगू शकत नाही. शिवाय डायल नव्यानं रंगवायचं तर जुना लेप कुणीतरी खरवडलेला असणार. तो खरवडणारा कोण होता, त्यानं तोंडावर काही बांधलं होतं का, ती पावडर गेली कुठे, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

पावडर, हाच या सगळ्यातला कळीचा शब्द आहे. रेडियममधून निघणारे अल्फा कण साधा कागदही अडवतो. घड्याळाची काच तर सहज अडवते. काही गॅमा किरण बाहेर येतात, पण आजोबांचं एखादं धड घड्याळ कपाटात आहे म्हणून झोप उडवायचं कारण नाही. काच काढली की गणित बदलतं. शंभर वर्षं जुना लेप ठिसूळ झालेला असतो. काटा वाकवला, सॅंडपेपर मारला, ड्रिल केलं, साधी फुंकर मारली तरी त्याचा भुगा होतो. तो बोटांना लागतो, टेबलावर बसतो, श्वासात जातो. हॉस्टेलच्या ज्या टेबलावर ज्वेलरी होते त्याच टेबलावर मॅगी खाल्ली जाते, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट रेडॉनची. रेडियमचं विघटन होताना रेडॉन वायू तयार होतो आणि तो श्वासातून फुप्फुसात जातो. ब्रिटनमधल्या नॉर्दॅम्प्टन आणि किंग्स्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३० जुन्या घड्याळांचा संग्रह तपासला. त्यांच्यातून निघणाऱ्या रेडॉनची पातळी तिथल्या शिफारस केलेल्या मर्यादेच्या १३४ पटींपर्यंत जाऊ शकते, असं त्यांना आढळलं. एका घड्याळाचा प्रश्न नाही, डबाभर घड्याळांचा आहे. आणि ज्वेलरी करणाऱ्याकडे डबाच असतो.

म्हणजे पेंडंट घालणाऱ्या मुलीपेक्षा ते बनवणाऱ्या मुलीला धोका जास्त आहे. ऑरेंजच्या कारखान्यातही हेच होतं. घड्याळ मनगटावर मिरवणाऱ्यांना फारसं काही झालं नाही, ते रंगवणाऱ्यांच्या हाडांत रेडियम गेलं. घालणाऱ्याला अगदीच काही नाही असंही नाही. काच नसलेला उघडा काटा कानात लटकवला तर लेप झडणार आणि मानेवर, उशीवर पडणार. शिवाय अंगावरचा दागिना तासन्‌तास एकाच जागी कातडीला चिकटलेला असतो. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेनं ‘फाइव्ह-जीपासून संरक्षण’ वगैरे दावे करणाऱ्या पेंडंट आणि ब्रेसलेटसह दहा वस्तू किरणोत्सर्गी असल्याचं जाहीर केलं आणि त्या घालू नका, असं सांगितलं. त्यात लहान मुलांचं ब्रेसलेटही होतं. किरणांपासून वाचायला घेतलेला दागिनाच किरण सोडत होता. हसावं की रडावं कळत नाही.

चमकणाऱ्या गोष्टीचा दागिना करावासा वाटणं हे किती साहजिक आहे, याचं सगळ्यात वाईट उदाहरण ब्राझीलचं आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये गोयानिया शहरातल्या एका सोडून दिलेल्या कॅन्सर क्लिनिकमधून दोघांनी एक जड यंत्राचा भाग उचलला आणि भंगारवाल्याला विकला. भंगारवाल्यानं रात्री पाहिलं तर आतली पावडर निळी चमकत होती. त्यानं ती कौतुकानं घरी नेली, नातेवाइकांना, मित्रांना थोडी थोडी वाटली. बायकोसाठी तिची अंगठी करायचं त्याच्या मनात होतं. ते सीझियम-१३७ होतं. त्याच्या भावानं नेलेल्या पावडरशी सहा वर्षांची मुलगी खेळली आणि त्याच हातांनी जेवली. ती गेली. जिच्यासाठी अंगठी करायची होती ती बायकोही गेली. पण सगळ्यांच्या आजारपणाचं मूळ या वस्तूत आहे, हे आधी तिच्याच लक्षात आलं होतं आणि ती पिशवीत घालून बसनं आरोग्य खात्याच्या ऑफिसात घेऊन गेली होती. एकूण चार जण दगावले. सुमारे १ लाख १२ हजार लोकांची तपासणी झाली, २४९ जणांना लागण झाल्याचं आढळलं. घड्याळातल्या रेडियमची याच्याशी तुलना होत नाही, तिथलं प्रमाण कोट्यवधी पटींनी जास्त होतं. साम्य आहे ते फक्त पाहणाऱ्याच्या नजरेत.

‘हे ब्राझीलमध्ये, आपल्याकडे नाही’ असं म्हणायची सोय नाही. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठानं रसायनशास्त्र विभागातलं पंचवीसेक वर्षं पडून असलेलं एक यंत्र लिलावात भंगारात काढलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. एका कामगाराचा मृत्यू झाला, बाकीचे काही जण किरणोत्सर्गानं आजारी पडले. ज्या संस्थेत हे यंत्र कशाचं आहे ते सांगू शकणारे प्राध्यापक होते, तिथून ते गेलं, आणि ज्याला ते कधीच कळलं नसतं त्याच्या हातात पडलं. जुन्या वस्तू हात बदलतात तेव्हा त्यांच्याबद्दलची माहिती बरोबर जात नाही. पुनर्वापराच्या सगळ्या चळवळीतला हा सगळ्यात कच्चा दुवा आहे, असं मला वाटतं. ‘अपसायकल’ करताना वस्तू कुठून आली हे आपण कौतुकानं सांगतो. ती कशाची बनलीय हे मात्र सांगत नाही, कारण ते ठाऊकच नसतं. आणि हा नुसता घड्याळांचा प्रश्न नाही. जुन्या रंगातलं शिसं, जुन्या थर्मामीटरमधला पारा, यांनाही ते लागू आहे.

भारतात किरणोत्सर्गी पदार्थांच्या सुरक्षेचं नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी करतं. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. पण जुन्या बाजारातल्या चादरीवर मांडलेल्या प्रत्येक घड्याळापर्यंत कुठलं मंडळ पोहोचणार? इन्स्टा पेजवर दागिना विकणाऱ्या मुलीकडे कोण येऊन लेबल तपासणार? तिथे तुमची आणि तुमच्याकडून घेणाऱ्यांची माहिती हाच काय तो बंदोबस्त.

एक चाचणी इंटरनेटवर फार सांगितली जाते. यूव्ही टॉर्च मारायचा. टॉर्च बंद केल्यावरही बराच वेळ चमकलं तर नवा लेप, लगेच विझलं तर जुना किरणोत्सर्गी. यात तथ्य आहे, पण अर्धंच. पार थकलेला रेडियमचा लेप टॉर्चखाली अजिबातच चमकणार नाही, आणि तुम्ही तो साधा रंग समजाल. भरवशाची चाचणी एकच, गायगर काउंटर. आणि गंमत म्हणजे तो शोधायला लांब जायला नको. ज्या कॉलेजात एमएस्सी फिजिक्स आहे तिथल्या लॅबमध्ये जीएम काउंटर सहसा असतोच, दरवर्षी त्याचं प्रॅक्टिकल होतं. फिजिक्सच्या मॅडमना जाऊन सांगा की जुन्या घड्याळांचा डबा आणलाय, मोजून बघू या का. बहुतेक त्याच जास्त खूश होतील. मात्र घड्याळ आहे तसं न्या, आधी उघडू नका. कपाटात कोबाल्टसकट यंत्र विसरणाऱ्या विद्यापीठापेक्षा ही बरी सुरुवात.

काउंटर जोरात टिकटिकला तर ते घड्याळ ज्वेलरीसाठी बाद. खरवडायचं नाही, धुवायचं नाही, घासायचं नाही. जाड झिप पाऊचमध्ये बंद करून, वर नीट लिहून, स्वयंपाकघर आणि झोपायची जागा सोडून बाजूला ठेवायचं आणि पुढे काय करायचं ते एईआरबीला विचारायचं. कचऱ्याच्या गाडीत टाकलं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार, आणि तो ते हातमोजे न घालता निवडणार. काउंटरची सोय नसेल तर साधा नियम ठेवा. काळ आणि मूळ ठाऊक नसलेला कुठलाही जुना चमकणारा, किंवा एकेकाळी चमकत असावा असा वाटणारा काटा आणि डायल वापरायचंच नाही. त्यात नुकसान काय, तर दोन-चार काटे कमी पडतील.

चमकच हवी असेल तर स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटची पावडर रेझिन आर्टच्या सामानात ऑनलाइन सहज मिळते. ग्रॅमवर मिळते, रंगही निवडता येतो, आणि जुन्या लेपापेक्षा कितीतरी जास्त उजळते. तीही पावडरच आहे, म्हणून मिसळताना मास्क लावा. रेझिनचा वास नाकात जाऊ नये म्हणूनही तो लागतोच.

आणि घड्याळच हवं असेल तर त्याचं पोट बघा, तोंड नको. चाकं, स्प्रिंगा, किल्लीची बोंडं, यांच्यावर लेप नसतो. एचएमटी ‘जनता’च्या डायलवर ‘१७ ज्वेल्स’ असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. घरातल्या कुणीतरी ते ‘आत हिरे आहेत’ म्हणून सांगितलंही असेल. हिरे नाहीत, पण माणिक खरंच आहेत. कारखान्यात बनवलेली माणकं, मिलिमीटरभराची, मधोमध भोक असलेली, चाकांचे आस त्यात फिरतात. तीच बाहेर काढून वापरता येतात, भोक आधीच पाडलेलं असतं. आणि बहुतेक कृत्रिम माणकं यूव्ही टॉर्चखाली लालभडक चमकतात. त्यातल्या क्रोमियममुळे. त्यांच्यापुढे गायगर काउंटर धरला तर तो गप्प बसतो.